काजळकोटाची देवडी

वाशिंद,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अनितावहिनीस,
मनस्वीचा सा. न. वि. वि.

आधी एक चूक दुरुस्त करते. दिवाळी अंकात छापून आलेल्या माझ्या गोष्टीत काजळकोटाला सात दरवाजे आहेत, असं मी लिहिलं आहे. ते चूक आहे. दरवाजे पाच. सुंदराआत्या नेहमी पाचच सांगायची: मिठाचा, पाखरांचा, वाऱ्याचा, बायांचा, आणि पाचवा जो शोधायला गेलं की सापडत नाही तो. सात हा आकडा माझ्या हातून कसा उतरला ते मला सांगता येत नाही. बहुधा कानाला बरा वाटला म्हणून. अंक हातात आल्यावर दहाव्यांदा वाचताना लक्षात आलं.

परवा तुम्ही रेंजसाठी टेकाडावर चढून फोन केलात तेव्हा म्हणालात की आत्या भाऊबीजेपासून गप्प आहे, जेवण अर्धं टाकते आणि फोनवर यायला तयार नाही. तेव्हापासून मला हेच वाटतंय की तिला ते सात दरवाजे लागले. चाळीस वर्षं जो कोट तिने आवणीच्या, भातलावणीच्या चिखलात उभं राहून, ओळीतल्या बायांना सांगत सांगत बांधला, त्याचे दरवाजेसुद्धा मला नीट मोजता येऊ नयेत! हे पत्र तिला वाचून दाखवा. तुमच्या रोशनीला वाचू देऊ नका, ती भरभर वाचते. तुम्ही वाचा.

अंक काढणाऱ्या शहापूरच्या वाचनालयाच्या लोकांनी मला विचारलं होतं की हे नगर कुठल्या पुस्तकातून घेतलं. मी सांगितलं, पुस्तकातून नाही, आमच्या आत्याने रचलंय, तिला अक्षर येत नाही. ते ऐकून एक गृहस्थ खुर्चीवरून उठून उभे राहिले. जिथली भिंत दर पावसाळ्यात एक थर आपोआप वाढते, जिथे सूर्य विहिरीतून वर येतो, जिथे एका गल्लीत खुंट्यांवर कंबरदुखी काढून टांगता येते, असं गाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आणि जिथे नव्या आलेल्या बाईला कुणी विचारत नाही की तू कुणाची गो, हे तर त्यांनी वही काढून उतरवून घेतलं. हेही आत्याला सांगा. त्या कंबरदुखीच्या गल्लीत तुमचं घर आहे हे मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर दादा कोटावर बदनामीचा खटला भरेल.

दादाला नमस्कार, रोशनीला पापा. माझी चूक पोटात घाला, आणि आत्या काय म्हणाली ते शब्दाला शब्द कळवा.

आपली,
मनस्वी


धसई,
८ नोव्हेंबर २०२५

चि. मनस्वीस,
अनितावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मीच वाचलं, सावकाश वाचलं. दरवाजांचं ऐकून आत्या हसल्या गो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. बोलल्या, पाच काय नि पंधरा काय, दरवाजे मोजायचे ज्याला आत जायचंय त्यानं. आणि परत भिंतीकडं तोंड करून निजल्या.

म्हणजे दरवाजांचं कायच नाय. तुला शब्दाला शब्द पाहिजे म्हणून लिहिते, नायतर लिहिलं नसतं. भाऊबीजेला तू अंक ठेवून गेलीस त्याच दिवशी दुपारी पडवीत वाचन झालं. आवणीच्या ओळीतली सकुबाई होती, जना होती, शेजारच्या दोघीतिघी होत्या. रोशनी वाचत होती. सकुबाईनं मधेच थांबवून विचारलं का माझं जाईच्या वेलाखालचं घर आलं का नाय. आलं म्हटल्यावर तिनं पदर सारखा केला, जशी काय फोटो काढायला बसलीय. आत्या खांबाला टेकून बसलेल्या, त्यांच्या जागेवर, उंबऱ्याला लागून टाकलेल्या गोणपाटावर, ज्याला त्या घरातली देवडी म्हणतात. तोंडावर असं तेज होतं का मी तुझ्या दादाला खुणेनं दाखवलं.

मग शेवटचं पान आलं. तू लिहिलंयस का म्हातारी देवडीवालीण कोटाबाहेर पडली, तिच्या मागे दरवाजा लागला, आणि कोटात कुणाला काही कमी पडलं नाही. आत्यांनी ते रोशनीला तीनदा वाचायला लावलं. बायांना कळेना. जना बोलली का ही तर गोष्ट हाय, मनाला काय लावून घ्यायचं. आत्या बोलल्या का पोरीनं बरोबर लिवलंय, शिकलेली हाय, तिला पुढचं दिसतं.

तुला ठाव हाय ना, कोटात सगळ्यांना त्यांनी घरं दिली. मेलेल्या बायांची घरंसुद्धा अजून रिकामी केली नायत. स्वतःला मात्र घर घेतलं नाय, दरवाज्यातली देवडी घेतली. मी लग्न होऊन आले त्या सालच्या आवणीत विचारलेलं का आत्या असं का. तवा बोललेल्या का घर असलं का कुणीतरी त्यातनं काढतं, राखणदाराला कोण काढणार. नवऱ्यानं वर्षाच्या आत परत धाडलेली बाई, आधी भावाच्या घरात, मग भाच्याच्या घरात. तिची ती एवढीच जागा होती गो.

आता दुसरी गोष्ट. ही मी फोनवर सांगितली नाय. आत्यांना सहा महिन्यांपासनं अंगावर लाल जात होतं. चोरून ओढ्यावर फडकी धुवायच्या. मला कापणीत कळलं. मुरबाडला नेलं, तिथनं कल्याणला पाठवलं. गर्भपिशवीत गाठ हाय आणि ती चांगली नाय. डॉक्टर बोलले का महिना-दीड महिन्यात पिशवी काढली तर काय ती आशा, त्याच्या पुढं हात लावणार नाय. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं का मी जाणार नाय. कोटाबाहेर पडायचं ते पडलंच हाय, आता दवाखान्यात कशाला.

तुझा दादा ओरडला. मग गोठ्याच्या मागं जाऊन रडला, त्याला वाटलं मी बघितलं नाय.

रागावू नको. जेव वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते मोजायची गरज नाही.

तुझी,
अनितावहिनी


वाशिंद,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कामावरून आल्यावर जिन्यातच फोडलं आणि जिन्यातच बसून राहिले. खालच्या काकूंनी विचारलं की काय झालं. मी म्हटलं चक्कर आली. खोटं बोलले.

वहिनी, शेवट सुचत नव्हता म्हणून मी ते वाक्य लिहिलं. दुसरं काही कारण नाही. गोष्टीला शेवट लागतो, आणि आत्याच्या कोटाला शेवट नव्हता, दर पावसाळ्यात तो पुढे जायचा. मी तीन दिवस विचार केला आणि ते वाक्य सुचलं तेव्हा मला रडू आलं, म्हणून मला वाटलं की ते चांगलं आहे. त्या म्हातारीत मला आत्या दिसलीच नाही. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, जिच्यामुळे आमच्या घरात पहिलं पुस्तक आलं, तिच्याबद्दल मी छापून आणलं की तिच्याविना कुणाला काही कमी पडलं नाही.

इथे माझं काम काय आहे ठाऊक आहे ना? औषधांच्या खोक्यांवरची लेबलं तपासायची. बॅच नंबर, तारीख, मात्रा. चार वर्षांत माझ्या हातून एक खोकं परत आलेलं नाही. साहेब नव्या मुलींना माझं टेबल दाखवतात. आणि मी सात आणि पाच तपासत बसले.

मी आज शहापूरला वाचनालयात जाऊन आले. दुरुस्ती छापा म्हणून विनवलं. ते चांगले लोक आहेत, पण अंक वर्षातून एकदा निघतो. पुढच्या दिवाळीत छापू म्हणाले. पुढच्या दिवाळीत.

म्हणून नवा शेवट हाताने लिहून सोबत जोडते आहे. त्यात देवडीवालीण परत येते, पाचवा दरवाजा तिला आपोआप सापडतो, आणि कोटातल्या सगळ्या बाया भिंतीवर उभ्या राहून तिला हाका मारतात. मी सात वेळा लिहून काढला. तो वाचा आणि तिला दवाखान्यात जायला सांगा. माझ्या वतीने तिच्या पाया पडा. मी रजा मागितली आहे, पण महिनाअखेरीपर्यंत कुणालाच मिळत नाही.

मला एवढंच सांगा की ती जाईल.

आपली,
मनस्वी


धसई,
२० नोव्हेंबर २०२५

चि. मनस्वीस,
आशीर्वाद.

नवा शेवट वाचला. सुंदर लिहिलायस, मला वाचताना थांबावं लागलं. आत्यांनी पुरा ऐकला. मग बोलल्या का हा पोरीनं भ्यालेल्या हातानं लिवलाय. पयला लिवला तवा कोण मागत नव्हतं, तवाचं खरं. आणि उशीखालनं पिशवीत गुंडाळलेला तो अंक काढून माझ्या हातात दिला, बोलल्या बघ, हा छापलेला हाय, तो कागदावरचा हाय. मी बोलले का छापलेलं पण कागदावरच असतं आत्या. तर बोलल्या, तू लय शानी.

भांडायला आल्या म्हणून मला जरा बरं वाटलं. पण ते तेवढंच.

दवाखान्यातनं तारीख मिळाली. शुक्रवार, १२ डिसेंबर. सकाळी आठच्या आत कल्याणला हजर पाहिजे. ही तारीख सोडली तर पुढची नाय, असं तिथल्या बाईनं तुझ्या दादाला तोंडावर सांगितलं. दादानं गाडी सांगून ठेवलीय, सहाला दारात येईल. आत्या बोलल्या, रिकामी जाईल.

वस्तू वाटायला लागल्यात. नथ रोशनीला दिली. शेळी सकुबाईला दिली, सकुबाईनं घेतली नाय तर तिच्या दारात बांधून आल्या. चालताना भिंत धरायला लागते तरी गेल्या. वजन किती उतरलंय ते तुला सांगत नाय.

मी एक दिवस चिडले. बोलले, आत्या, कोट कोट करून जीव घालवताय, अशी कुठं भिंत हाय तरी का? त्या रागावल्या नायत. बोलल्या का नसंल, पण चाळीस वर्षं मी तिथं बसलेय. देवडी उघडी टाकून कसं जायचं? मग मी बोलले, मी बसते तुमच्या जागेवर. तर बोलल्या, तुझं घर हाय गल्लीत, तुला पोर हाय, नवरा हाय, दोन ठिकाणी बसता येत नाय. जना बोलली मी बसते, मला कुठं नवरा हाय. तिला बोलल्या, तू तासाला उठून तंबाखू मळशील, तोवर अर्धा कोट चोरीला जाईल. सगळे हसलो. त्या पण. मग डोळे मिटले.

मला आता काय सुचत नाय. तू जास्त शिकलीस, तुला सुचलं तर बघ. नायतर निदान ये.

तुझी,
अनितावहिनी


धसई,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. मनूस,
सुंदराआत्याचा आशीर्वाद. लिहिणार रोशनी.

रोशनी भरभर लिहिते म्हणून थोडंच सांगते. तू रडतेस असं अनिता बोलली. रडू नको. मी तुझ्यावर रागावले नाय. खरं सांगू का, आपल्या घरातल्या पोरीनं लिवलेलं छापून आलं, त्या दिवशी मी लय मोठी झाले. शेवट कसा का असंना.

तुझा विळा ठेवलाय. तू वाशिंदला त्यानं काय कापणार, दोराच कापशील. पण ठेव. मूठ मी बदललेली हाय, हाताला लागत नाय.

नवा शेवट छान हाय, पण बाया भिंतीवर चढून हाका मारणार नायत. भिंत लय उंच हाय. तू लहानपणीपण घाईत असलीस का भिंत बुटकी करायचीस.

माझ्या जागेवर एकदाच कुणीतरी बसलं होतं. ते तुला आठवत नसंल. जाऊ दे.

थंडीत डोक्याला बांधत जा. आता रोशनीला अभ्यास हाय.

सुंदराआत्या


वाशिंद,
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
मनूचा साष्टांग नमस्कार. विनंती एकच आहे, ती शेवटी लिहिते. वहिनी वाचतील.

मला आठवतंय. मी ते विसरले नव्हते, लपवलं होतं. माझ्या गोष्टीतली खरी चूक सात दरवाजे नाही आणि शेवटचं वाक्यही नाही. खरी चूक चौथ्या पानावर आहे आणि ती वहिनींच्याही लक्षात आली नाही. मी तिथे लिहिलंय की देवडीत दुसरं कुणी कधीच बसलं नाही. हे खोटं आहे. मी बसले होते.

मी सातवीतून आठवीत गेले होते त्या सालची आवणी. तुला ताप भरला. ओळीच्या टोकाला, बांधाला लागून जी तुझी जागा असायची, ती तू मला दिलीस. बांधाकडची बाई म्हणजे देवडीवालीण, हा तुझा नियम. ती ओळ सोडत नाही, सगळ्या बाया बांधावर चढल्याशिवाय ती चिखलातून पाय काढत नाही. तू मला म्हणालीस, मी तापातून उठेपर्यंत कोट तुझ्यावर. मी पहिला दिवस काढला. पायाला जळू लागली तरी हलले नाही. संध्याकाळी तू तापातच विचारलंस की आज कोण कोण आत आलं, आणि मी सगळ्यांची नावं सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी ओरडून गेलं की शाळेत स्कॉलरशिपची यादी लागली. मी रोपांची जुडी तिथेच टाकली आणि गावातल्या शाळेपर्यंत पळत गेले. कुणाला सांगितलं नाही. यादीत माझं नाव होतं. ते मी पाच वेळा वाचलं, मग मैत्रिणीकडे गेले, तिच्या आईने शिरा केला, तो खाल्ला. परत आले तेव्हा दिवस कलला होता आणि तू बांधाला लागून चिखलात उभी होतीस. माझी ओळ अर्ध्यापासून तू लावत होतीस. डोक्याला फडकं बांधलेलं होतं आणि रोपं वाकडी लागत होती. तू मला एकच विचारलंस, की आलं का नाव. मी हो म्हटलं. तू हसलीस आणि पुढचं रोप लावलंस.

त्यानंतर तू महिनाभर खोकत होतीस. या गोष्टीचा तू एकदाही उच्चार केला नाहीस. आवणीत, लग्नात, भांडणात, कधीही नाही. मी शिकले, नोकरीला लागले, आणि गोष्ट लिहायला बसले तेव्हा त्या चौथ्या पानावर माझा हात थांबला होता. मी बसले होते असं लिहिलं असतं तर मी उठले हेही लिहावं लागलं असतं. म्हणून मी लिहिलं की कुणी कधीच बसलं नाही. आणि जिथे दुसरं कुणी बसतच नाही, तिथून म्हातारीला बाहेर काढल्यावर तिला परत आणायला मला वाटच उरली नाही. शेवट तिथूनच बिघडला, आत्या.

आता तुझ्यापासून काही लपवणार नाही. मी कल्याणच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. पिशवी काढूनसुद्धा ते वाचवतीलच असं म्हणत नाहीत. उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही म्हणाले, आणि त्यांचा आवाज आशेचा नव्हता. त्यामुळे तू परत येशील असं मी पुन्हा लिहिणार नाही. तो शेवट भ्यालेल्या हाताचा होता, तू बरोबर ओळखलंस. गेले आठ दिवस मी जेवायला बसते आणि ताट तसंच उचलते. मला वाटतं की मी उशीर केला आहे, तेरा वर्षांचा उशीर, आणि काहीही केलं तरी तो भरून येणार नाही. हे तुला सांत्वन वाटावं म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते.

साहेबांना मी सांगितलं की महिना-दीड महिना येणार नाही. ते म्हणाले की मग टेबल राखून ठेवता येणार नाही, नवी मुलगी बसेल. मी म्हटलं बसू द्या. त्यांनी खात्री करायला पुन्हा विचारलं, कारण मी आजवर अर्ध्या दिवसाची रजासुद्धा चिठ्ठी देऊन घेतली आहे.

मला घर नाही, नवरा नाही, मूल नाही. मला दोन ठिकाणी बसायचं नाही. वहिनींना आणि जनाला तू जे म्हणालीस ते मला म्हणता येणार नाही. तंबाखूही मी मळत नाही. मी घाईत भिंत बुटकी करते, हे खरं, पण या वेळी मी भिंतीला हात लावणार नाही. नुसती बसेन. कोण कोण आलं, त्यांची नावं रोज संध्याकाळी लिहून ठेवीन, आणि दादा दवाखान्यात तुला वाचून दाखवील. तू किती दिवस तिकडे आहेस ते मी मोजणार नाही. आणि तू आलीच नाहीस, तरीही मी उठणार नाही. तू तेव्हा मला म्हणालीस की मी उठेपर्यंत. मी ते शब्द आता तसेच घेते.

गाडी रिकामी जाऊ द्यायची की नाही, हे तुझं तू ठरव. मी तुला ओढून बसवणार नाही. विनंती एवढीच की उंबऱ्याजवळचं तुझं गोणपाट कुणाला देऊन टाकू नकोस.

मुरबाडहून दुपारच्या एसटीने ११ तारखेला, गुरुवारी संध्याकाळी मी पोचेन. त्या रात्री जागा तुझीच राहील. लोभ ठेवावा असं मागायचा मला हक्क नाही, जागा तेवढी मागते. शुक्रवार, १२ डिसेंबर, सकाळी सहाच्या आधी, गाडीचा आवाज यायच्या आधी, मी तिथे बसलेली असेन.

तुझी,
मनू